नवव्या डेकवरचे अकरा सूट

काकूचा नवरा कायमचा घरी आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारणीने तिला जिन्यात गाठलं. "मग, पाहुणे या खेपेला किती दिवस?"

"आता कायमचे," काकू म्हणाली.

"अगंबाई!" शेजारीण म्हणाली. त्या अगंबाईत आनंद किती आणि कीव किती, ते काकूला नीटसं कळलं नाही.

शेजारणीचं तरी काय चुकलं? एकोणतीस वर्षं हा माणूस दहा महिने बोटीवर आणि दोन महिने घरी. बोट म्हणजे मासे धरायची नव्हे आणि माल वाहायचीही नव्हे. हौसेने फिरायला निघालेल्या लोकांची, पंधरा-सोळा मजल्यांची, पोटात नाटकगृह आणि डोक्यावर पोहण्याचे तलाव असलेली. तिथे तो सूट सांभाळायचा. सूट म्हणजे अंगात घालायचा तो नव्हे. बोटीवरची सगळ्यांत भारी खोली. बसायची जागा वेगळी, झोपायची वेगळी, शिवाय स्वतःची बाल्कनी. असे चौदा सूट त्याच्याकडे. प्रत्येक सूट दिवसातून दोनदा झाडायचा, पुसायचा, पलंग ताठ घालायचा आणि टॉवेलचा हंस करून उशीवर बसवायचा. लग्नानंतर सहाव्या आठवड्यात तो पहिल्यांदा गेला. मुलगी झाली तेव्हा तो कुठल्या समुद्रात होता हे कळायलाच चार दिवस लागले. ती चालायला लागली, शाळेत गेली, पदवी घेतली, हे सगळं त्याने फोनवर ऐकलं. तिच्या लग्नाला तेवढा आला, तोही आदल्या दिवशी. मग गल्लीने त्याला पाहुणे म्हणायला सुरुवात केली तर बिघडलं कुठे? ज्याच्यावर स्वतःच्या गल्लीतलं कुत्रं भुंकतं, त्याला दुसरं म्हणायचं तरी काय!

काकू स्वतः काही मुळूमुळू रडत बसणाऱ्यातली नव्हे. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तिने बावीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, समोर अक्षरांचा तक्ता, नाकावर ती जड फ्रेम आणि एकेक काच बदलत विचारायचं, "आता काय दिसतंय? आणि आता?" तिच्या जिभेला हाड नव्हतं. "हा चष्मा घेतलात तर घुबड दिसाल, मग बायको घरात घेणार नाही, आणि माझ्या नावाने खडे फोडाल," असं तोंडावर सांगायची. तरी लोक तिलाच शोधत यायचे. मालक म्हणायचा, काकू, तुम्ही गिऱ्हाईक हाकलता की आणता हेच मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

पण या बोलक्या बाईच्या पोटात एक गोष्ट होती, ती तिने कुणापाशी काढली नाही. तिला नवऱ्याचा हेवा वाटायचा. आठवण तर यायचीच. ती येते, माणूस तिला सरावतो असं म्हणतात, सरावत बिरावत काही नाही. पण आठवणीच्या आत हा हेवा बसलेला असायचा. सगळा समुद्र याच्या वाटणीला, आणि माझ्या वाटणीला समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप! आठवड्याला एक फोन. तो पांघरुणात तोंड घालून हळू बोलायचा, कारण त्याच्या खोलीत आणखी तिघे झोपलेले असायचे. ती दर वेळी विचारायची, "आज काय बघितलंत?" आणि तो म्हणायचा, "काही नाही गं, नेहमीचंच." मग एका म्हातारीने न्हाणीघरात मोजे कसे वाळत घातले होते, ते सांगायचा. काकूला वाटायचं, मला वाईट वाटू नये म्हणून हा समुद्राबद्दल बोलत नाही. त्या समजूतदारपणाचा तिला जास्तच राग यायचा.

आता तो घरी आला होता. गुडघे गेले म्हणून कंपनीने रीतसर निरोप देऊन पाठवलं. काकूने मनात किती मांडे खाल्ले होते! सकाळी दोघांनी खिडकीशी बसून चहा घ्यायचा, तिने दुकानातल्या गमती सांगायच्या, त्याने हसायचं. फार काही मागत नव्हती बाई. पण तो बसेल तर शपथ. ती तोंड धुऊन येईपर्यंत पलंग असा ताणून घातलेला असायचा की त्यावर परत टेकायची भीती वाटावी. जेवायचा उभ्याउभ्या, ओट्याशी, सहा मिनिटांत. ती खुर्चीतून उठली की हा मागून येऊन उशी झटकायचा. ती म्हणायची, "अहो, बसा की जरा," आणि तो म्हणायचा, "बसतो बसतो, एवढं झालं की." ते एवढं कधीच व्हायचं नाही. दोन महिने झाले, माणूस घरात होता आणि तिला त्याची अजून तशीच आठवण येत होती. ही गोष्ट सांगायची तरी कुणाला? लोक म्हणतील, आता काय, आला ना!

अशात कंपनीचं पत्र आलं. पंचवीस वर्षांच्या वर नोकरी केलेल्यांना कंपनी एक सफर भेट देत होती. सात दिवस, दोन माणसं, तो शेवटची नऊ वर्षं होता त्याच बोटीवर. त्या सफरीत विकले न गेलेले अकरा सूट होते. त्यातला हवा तो निवडा आणि शुक्रवारपर्यंत कळवा. सोबत नवव्या डेकचा, म्हणजे बोटीच्या नवव्या मजल्याचा, भलामोठा नकाशा.

काकूने पत्र दोनदा वाचलं आणि खाली बसली. सात दिवस! तिथे ना ओटा, ना पसारा, ना काम. तिथे तरी हा बसेल. तिथे याला बसण्यावाचून गत्यंतरच नाही. समुद्र बघायचा होताच, पण खरं सांगायचं तर तिला समुद्रासमोर बसलेला नवरा बघायचा होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. नवऱ्याने चष्मा चढवला, पेन्सिल कानावर लावली आणि त्याच्या तोंडावर असं तेज आलं की काकूला वाटलं, चला, माणूस हौशी आहे म्हणायचा.

"हा बघा," तिने बोट ठेवलं, "नऊशे दोन. पार पुढे आहे. भिंतभर काच!"

"छे छे. नको."

"का?"

"भिंतभर काच म्हणजे काय कळतं का तुला? खाऱ्या वाऱ्याने रोज पांढरी होते. हात दुखून येतात."

"बरं, मग हा. दोन मजली आहे की हो! आत जिना!"

"जिन्याला सोळा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर गालिचा, आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात कचरा. नावच काढू नकोस."

"नऊशे चौदा?"

"न्हाणीघरात काळी फरशी. थेंब पडला की डाग दिसतो."

असं तीन संध्याकाळी चाललं. काकू एकेका सूटवर बोट ठेवायची आणि तो पेन्सिलीने फुली मारायचा. एकाचा टब फार खोल. एकाच्या झुंबराला एकशे चाळीस लोलक. एकाचा पलंग भिंतीला चिकटलेला, चादर खोचायला पलीकडे जाताच येत नाही. सरतेशेवटी नऊशे अडतीस उरला आणि त्याने त्याभोवती अभिमानाने गोल काढला. "याच्यासारखा सूट नाही. चादरी-टॉवेलची खोली समोर, सामानाची लिफ्ट शेजारी, टब कमरेच्या उंचीला. पंचवीस मिनिटांत लखलखीत!"

काकूने कपाळावर हात मारला. "अहो, पण तुम्हाला तिथे झाडू मारायचा नाहीये!"

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते खरंच. पण तरी चांगलाच आहे तो."

रात्री मुलीचा फोन आला तेव्हा काकूने तिला सगळं सांगितलं. मुलगी आधी खो खो हसली आणि मग म्हणाली, "आई, तू बाबांना फिरायला घेऊन चालली आहेस की त्यांच्या ड्युटीवर चालली आहेस?" काकूने तिला, तोंड सांभाळून बोल, बाप आहे तुझा, म्हणून दटावलं. पण फोन ठेवल्यावर तेच वाक्य तिच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहिलं. मुलगी बोलली ते खोटं नव्हतं. असाच जर हा बोटीवर गेला, तर सात दिवस चादरी ताणेल आणि मी एकटी बाल्कनीत बसेन. घरी एकटी बसलेच की इतकी वर्षं. त्यासाठी बोट कशाला हवी?

शुक्रवार उजाडला. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. काकू दुकानातून अर्धा दिवस मागून आली आणि टेबलाशी बसली. नवऱ्यालाही समोरच्या खुर्चीत बसवलं, हाताला धरून.

"नऊशे अडतीस म्हणता ना? ठीक. मला एवढंच सांगा, त्याच्या बाल्कनीतून काय दिसतं?"

"बाल्कनी छोटीशी आहे. दोन खुर्च्या, एक टेबल. टेबलाची काच..."

"टेबल राहू द्या. बाहेर काय दिसतं?"

"बाहेर?"

"हो, बाहेर. बरं, नऊशे दोनमधून काय दिसतं?"

"ती काच मी सांगितलं ना, रोज..."

"काचेच्या पलीकडे हो!"

तो नकाशाकडे बघायला लागला, जणू तिथे कुठे लिहिलेलं असेल. मग म्हणाला, "समुद्र दिसत असेल."

असेल! दुकानात काही गिऱ्हाइकं अशीच असतात. खालची ओळ दिसत नाही हे कबूल करायची लाज वाटते, मग अंदाजाने अक्षरं ठोकून देतात. चेहऱ्यावरून तिला ती बरोबर ओळखू यायची. तोच चेहरा आज तिच्या समोर होता, आणि तो तिच्या नवऱ्याचा होता.

"तुम्ही कधी बघितलाच नाहीत?" तिने विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"कधी बघणार?" तो म्हणाला. "माणसं खोलीत असली की आपण आत जायचं नाही. नसली की चौदा खोल्या आणि घड्याळ. पडदे सारखे करायचे, तेव्हा दोन्हीकडच्या चुण्या सारख्या पडल्या का, ते बघायचं. पडद्याच्या बाहेर कोण बघतो? आणि आमच्या खोल्या अगदी तळाला, पाण्याच्या खाली. तिथे खिडकीच नाही. पहिल्या वर्षी एकदा उभा राहिलो होतो बाल्कनीत, मिनिटभर. साहेबाने पाहिलं. म्हणाला, समुद्र पाहुण्यांसाठी आहे. मग नाही उभा राहिलो. पुढे सवयच गेली."

"एकोणतीस वर्षं?"

"बंदराला लागलो की दिसायचं थोडं. सुरुवातीच्या वर्षांत फोन करायला उतरायचो ना तुला, तेव्हा."

आयुष्यात पहिल्यांदा बाईची वाचा बसली म्हणायला हरकत नाही. इतकी वर्षं ती ज्या समुद्रावरून त्याच्यावर धुमसत होती, तो त्याने बघितलाच नव्हता. म्हणजे इकडे हिने पाइप बघितले आणि तिकडे त्याने चादरी. दोघांच्या वाटणीला काहीच आलं नव्हतं, आणि जे यायचं होतं ते कुठे गेलं हे विचारायला कुणी माणूसही नव्हता. तिला रडू फुटलं. "मी तुमचा हेवा करत बसले हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, तिकडे मजेत असाल, म्हणून तर सांगत नाही काही."

"वेडी की काय तू," तो म्हणाला. उठून तिच्यासाठी पाणी आणायला निघाला. तिने मनगट धरून त्याला परत बसवलं.

"पाणी नको. बसा." तिने पदराने नाही, नकाशाच्याच कोपऱ्याने डोळे टिपले, आणि मग नकाशा स्वतःकडे फिरवला. पार मागच्या टोकाला एक सूट होता, त्यावर त्याने सगळ्यांत आधी फुली मारली होती. "हा नऊशे साठ. याची बाल्कनी सगळ्यांत मोठी दिसतेय. मागे उघडी. याच्यात काय खोट काढलीत?"

"तो? तो फार लांब आहे गं! चादरींच्या खोलीपासून एकशे दहा पावलं. सामानाची गाडी ढकलत टोकापर्यंत न्यायची. जो कोणी असेल त्या बिचाऱ्याचा जीव जाईल."

"त्या बिचाऱ्याची मी हात जोडून माफी मागेन."

"आणि तिथे इंजिनाची थरथर लागते."

"लागू दे. घरी काय मोठी शांतता होती!"

"पण तिथे मी करणार काय?"

"बसायचं. माझ्या शेजारी."

त्याने खरंच विचार केला. मग अगदी मनापासून विचारलं, "किती वेळ?"

काकूने पत्रासोबतच्या अर्जावर नऊशे साठ लिहिलं, त्याच्या हाती पेन दिलं, आणि त्याने सही केली. इतक्या वर्षांत तिने त्याच्यासाठी घेतलेला हा पहिलाच निर्णय, आणि तोही बोटीवरचा.

निघायचा दिवस आला. धक्क्यावर उभं राहून बोटीकडे बघताना काकूची मान दुखायला लागली, एवढी ती उंच. नवरा नव्या शर्टात अवघडून चालत होता. प्रवाशांच्या रांगेशी आल्यावर तो सरळ डावीकडच्या छोट्या लोखंडी दाराकडे वळला. तिथून कामगार आत जातात. तिने बाही धरून त्याला ओढून घेतलं. "इकडून," ती म्हणाली. वरच्या डेकवर गालिचा घातलेला लांबच लांब बोळ होता. समोरून माणसं आली की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि ती जाईपर्यंत खाली बघायचा. एका ठिकाणी भिंतीवरचं चित्र किंचित तिरकं होतं, ते त्याने जाता जाता सरळ केलं. काकूला आतल्या आत भीती वाटायला लागली होती. सात दिवस असेच जाणार, आणि मग घर, आणि मग म्हातारपण. हा माणूस आपल्याला मिळणार नाही तो नाहीच.

नऊशे साठचं दार आलं. किल्ली म्हणून दिलेलं कार्ड त्याच्या हातात होतं. ते लावायचं सोडून त्याने दारावर बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक केलं, एक पाऊल मागे सरला, आणि हात जुळवून वाट बघत उभा राहिला.

आत कोण होतं? कुणी नव्हतं. तो त्यांचा सूट होता. काकूला आधी हसू आलं, मग ते तोंडातच राहिलं. तो खरोखर वाट बघत होता.

तिने त्याच्या हातातून कार्ड घेतलं, दार उघडलं आणि आत गेली. दार तिच्या मागे आपोआप लागलं. समोर मोठी खोली, पलीकडे पडदे, आणि पडद्यांच्या फटीतून इतका उजेड येत होता की डोळे दिपावेत. पाच पावलं टाकली की समुद्र. ती पुढे गेली नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

मग परत तीन टकटक.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"हाउसकीपिंग," तो म्हणाला.

एकोणतीस वर्षं दारोदारी झाडायला जाताना म्हटलेलं, तेच त्याच्या तोंडून निसटलं होतं. काकूने तोंडावर हात दाबून धरला. दार उघडायला तिचा जीव तुटत होता, पण तिने कडीला हात लावला नाही.

"कोण आहे?" तिने परत विचारलं.

बोळातून कुणी चाकांची बॅग ओढत नेली, तो आवाज लांब जाऊन थांबला.

"अगं, मी," तो म्हणाला. "मी आहे. मी आलोय."

तिने दार उघडलं. "या," ती म्हणाली. "किती उशीर केलात."